भिंतीतला डावा पाय

लोमा सेका या आमच्या वस्तीत एकशे आठ घरे आहेत आणि त्यांतल्या जवळपास चाळीस घरांच्या भिंतींत जनावराचे पाऊल उमटलेली एक तरी वीट आहे. माझ्या घरी ती दाराच्या डाव्या बाजूला, कमरेच्या उंचीवर येते. पाऊल कायोटीचे, म्हणजे इकडच्या रानकोल्ह्याचे असावे, असे मी तीस वर्षे मानत आलो आहे. शेजारच्यांच्या मते ते कुत्र्याचे आहे. या विटा सीमेपलीकडच्या, मेक्सिकोतल्या सोनोरातून येतात; तिथल्या भट्टीवर त्या भाजण्याआधी उघड्या मैदानात वाळत घालतात आणि त्या ओल्या असेपर्यंत कोणीही त्यांवरून चालून जाते. इतर गवंडी अशी वीट लावताना पावलाची बाजू आत वळवून टाकत. सिप्रियानो ब्राकामोन्ते ती मुद्दाम बाहेर ठेवी. १९५३ साली, बाविसाव्या वर्षी, त्याने येथल्या भिंती उभ्या केल्या. मेक्सिकन कुटुंबाला घर विकू नये, असे कलम तेव्हाच्या खरेदीखतांत होते. सोळा वर्षांनी त्याने त्यांतलेच एक घर विकत घेतले.

मला लिहायचे आहे ते त्याच्या पत्नीविषयी, एर्मेलिंदाविषयी. तिने एकतीस वर्षे शाळेच्या स्वयंपाकघरात काम केले. चारशे मुलांच्या बीन्समध्ये किती मीठ पडते, ते ती आजही झोपेतून उठून सांगेल. मात्र सन तिच्या लक्षात राहत नाही. तिच्या आयुष्यातील घटना कडेवर कोण होते, यावरून ओळखल्या जातात. शेजारच्या घराला आग लागली तेव्हा कडेवर थोरला नूफो होता. पुराने नदीवरचा पूल गेला तेव्हा धाकटा रूबेन होता. हा हिशेब तिला आयुष्यभर पुरला आणि एकोणऐंशीव्या वर्षी, एका कागदासमोर, पहिल्यांदा अपुरा पडला.

तो कागद असा आला. वस्तीच्या दक्षिण टोकाची घरे पाडून तेथे चार मजली इमारत उठवण्याची हालचाल सुरू झाली, तेव्हा संपूर्ण लोमा सेकाची ऐतिहासिक वस्ती म्हणून नोंद करून घ्यावी, असे आम्ही ठरवले. त्यासाठी निम्म्याहून अधिक घरे मूळ स्वरूपात असावी लागतात. १९७५ पर्यंत झालेला बदल मूळ धरतात, नंतरचा धरत नाहीत. पाहणीसाठी ब्रिन हॅल्व्हर्सन नावाची तरुण वास्तुतज्ज्ञ नेमली गेली. तिची मोजणी चोपन्नावर थांबली. पंचावन्नावे घर मिळाले तर ते एर्मेलिंदाचेच मिळणार होते.

अडचण एका भिंतीची होती. घराच्या कुशीत मोटार उभी करायची छपराखालची मोकळी जागा होती. तिची उघडी बाजू सिप्रियानोने कधीतरी, परवानगी न घेता, त्याच भट्टीच्या विटांनी बंद केली. त्या खोलीत एर्मेलिंदाचे शिवणयंत्र आहे, पिठाचा डबा आहे, दुपारची झोप आहे. भिंत पंचाहत्तरपर्यंतची असेल तर घर मोजणीत येईल. नंतरची असेल तर भिंत पाडून जागा मोकळी करावी लागेल, अन्यथा नोंद नाही. पालिकेच्या दप्तरात या भिंतीचा उल्लेखच नव्हता. शेजारपाजारच्या म्हाताऱ्यांना विचारले, तर प्रत्येकाने निराळे साल सांगितले. माझ्यापुरते म्हणायचे तर मी येथे आलो तेव्हा ती होतीच.

एकच पुरावा होता आणि त्यानेच घोटाळा वाढवला. त्या भिंतीत, गुडघ्याच्या उंचीवर, मुलाचे पाऊल उमटलेली वीट आहे. डावा पाय, करंगळीची कड झिजलेली. एर्मेलिंदाचे दोन मुलगे: अर्नुल्फो, ज्याला सगळे नूफो म्हणतात, अडुसष्टच्या आरंभीचा, रूबेन बहात्तरच्या अखेरचा. पाऊल साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे. म्हणजे ते नूफोचे असेल तर भिंत एकाहत्तरच्या सुमाराची आणि वस्ती वाचते. रूबेनचे असेल तर शहात्तरची आणि भिंत जाते. ब्रिनने पट्टीने मोजले, साडेपाच इंच. त्यावर एर्मेलिंदा म्हणाली की वीट वाळताना आवळते आणि भाजताना पुन्हा आवळते. किती, ते सिप्रियानोला माहीत होते. ब्रिनने पट्टी मिटली.

नूफो शाळेत इतिहास शिकवतो आणि वस्तीच्या समितीचा चिटणीस आहे. पाऊल आपले आहे, याविषयी त्याला शंका नव्हती. मात्र त्याने सांगावे आणि समितीने ऐकावे, हे ब्रिनला चालणार नव्हते. तिला घरमालकिणीची सही हवी होती.

एर्मेलिंदा तीन आठवडे आठवत राहिली. कुंपणाशी उभी राहून ती मला सांगे आणि सांगताना तिच्या बोलण्याची दिशा बदले. भट्टीवर गेलो तेव्हा पोर रडले होते, चिखल गार लागला म्हणून. रडका रूबेन होता. नूफो रडत नसे. पण त्याच दिवशी सिप्रियानोच्या अंगठ्याला पट्टी होती आणि अंगठा चेचला तेव्हा रूबेनचा जन्मही झाला नव्हता. की तो दुसरा अंगठा? ती स्वतःच्याच दोन्ही हातांकडे पाहत राही.

एप्रिलच्या तिसऱ्या शनिवारी ब्रिन कागद घेऊन आली. साक्षीसाठी मलाही बोलावले होते. रूबेन छपरावर कूलरच्या लाकडी तंतूंच्या जाळ्या बदलत होता. उन्हाळ्याच्या तोंडावर साऱ्या वस्तीचे कूलर तोच सुरू करून देतो. नूफो आईशेजारी बसला होता. कागदावर ‘१९७१’ आधीच टंकलेले होते, फक्त सही राहिली होती. एर्मेलिंदाने पेन हातात घेतले आणि छपराकडे तोंड करून रूबेनला खाली बोलावले.

तो ओल्या हातांनी आला, कागद वाचला आणि हळूच म्हणाला, "मग तो पाय नूफोचा ठरला."

"वस्तीचा प्रश्न आहे रे," नूफो म्हणाला. "आणि तो आहेच माझा."

"अपांनी मला सांगितलंय. आठ वर्षांचा होतो मी. इथंच उकिडवे बसले आणि म्हणाले, हा तुझा पाय, पण नूफोला सांगू नकोस, त्याला वाईट वाटेल."

नूफोने चष्मा काढला. त्यालाही वडिलांनी तेच सांगितले होते. मिसरूड फुटायच्या वयात, एकदा घरातून निघून जायच्या गोष्टी करत होता तेव्हा. त्यालाही बजावले होते की धाकट्याला सांगू नकोस.

"काय बेरकी म्हातारा," रूबेन म्हणाला, आणि दोघेही आईकडे पाहू लागले.

मी तिच्याकडे पाहिले तेव्हा ती हसत होती की रडायच्या बेतात होती, हे मला आजही ठरवता येत नाही. बेचाळीस वर्षे ज्याच्याबरोबर एका छपराखाली भाकऱ्या थापल्या, त्याने दोन पोरांना एकच पाऊल वाटून दिले होते आणि तिला पत्ता लागू दिला नव्हता. तिने ब्रिनला विचारले की मालकिणीला ठाऊकच नसेल तर कागद काय म्हणतो. ब्रिनने सांगितले की नक्की साल माहीत नसेल तर अंदाजे साल लिहिता येते. दोन शक्यता असतील तर मधले धरण्याची पद्धत आहे. एकाहत्तर आणि शहात्तर यांच्या मध्ये साडेत्र्याहत्तर येते, साडे लिहीत नाहीत.

"त्र्याहत्तर लिही, मुली," एर्मेलिंदा म्हणाली. "अंदाजे म्हणून लिही. ठळक."

रूबेनने बोटांवर मोजले. "अमा, त्र्याहत्तरला मी एक वर्षाचा होतो. धड चालतही नव्हतो."

"आणि मी पाच," नूफो म्हणाला. "एवढासा पाय नव्हता माझा. त्र्याहत्तरला हा पाय कुणाचाच होत नाही."

"माहीत आहे मला," ती म्हणाली आणि तिने सही केली.

घर मोजले गेले. वस्तीची नोंद झाली, दक्षिणेकडची इमारत बारगळली आणि लोमा सेकाच्या अहवालात एकोणतिसाव्या पानावर ती भिंत ‘अंदाजे १९७३’ अशी कायमची नोंदली गेली. तो अहवाल माझ्याकडे आहे. साक्षीदार म्हणून खाली माझीही सही आहे. नेमकी कशाची साक्ष दिली, ते मला सांगता येणार नाही.

त्या शनिवारी नूफो जाताना खोलीत एकटाच परत गेला, टोपी विसरली म्हणून. टोपी त्याच्या डोक्यावर होती. थोड्या वेळाने रूबेन पाणी प्यायला आत गेला आणि त्यालाही वेळ लागला. भिंतीसमोरची जिरेनियमची कुंडी एर्मेलिंदाने सकाळीच बाजूला सरकवून ठेवली होती. ती माझ्याबरोबर ओट्यावर बसली. वर कूलर घरघरत सुरू झाला आणि नव्या जाळ्यांचा ओल्या लाकडाचा वास खाली उतरला.

"सिप्रियानो असता तर विचारलं असतं," ती म्हणाली. "पण काय उपयोग. मला म्हणाला असता, तुझाच पाय आहे, पोरांना सांगू नकोस."

आणि तिने चपलेतून डावा पाय काढून, काही ठरवायचे असल्यासारखा, बराच वेळ पाहिला.