बेसवर कोण आहे?

कुठलंही गाणं लागलं की भाऊ मान एका बाजूला कलती करायचे, थोडा वेळ ऐकायचे आणि विचारायचे, "बेसवर कोन आहे गा?" गायक कोण, हे त्यांनी कधी विचारल्याचं मला आठवत नाही.

खापरखेड्याच्या वीज केंद्रात आम्ही एकाच पाळीत होतो आणि कॉलनीत आमच्या क्वार्टरची भिंत एकच होती. त्यांची बायको लवकर गेली. मुलगी लग्न होऊन हैदराबादला. संध्याकाळी भिंतीपलीकडून त्यांची बेस गिटार ऐकू यायची, खालच्या, जाड सुरांची. तुम्ही कधी नुसता बेस ऐकलाय? त्यात गाणं नसतं. शेजारच्या खोलीत कोणी तरी सावकाश येरझाऱ्या घालतंय, असं वाटत राहतं. माझी बायको म्हणायची, "भाऊजी आज पण एकटेच वाजवून राहिले."

इंग्लंडमधल्या एका जुन्या रॉक बँडवर त्यांचा फार जीव. त्या बँडचे बेसवाले सारखे बदलत गेले. कँटीनमध्ये चहा घेताना ते त्यांची हकिगत नात्यातल्या माणसांची सांगावी तशी सांगायचे. "पहिला भांडून गेला. दुसऱ्याले बायको म्हणे, आता घरी ये. तिसऱ्याले तर काढूनच टाकलं." मग चहा तसाच राहायचा. "तो आता काय करत असंन गा? सकाळी उठून कोनासाठी वाजवत असंन?"

कॉलनीतला बँड त्यांनीच उभा केलेला. गाणारा पुण्याला गेला, ड्रमवाल्याची बदली चंद्रपूरला झाली, गिटारवाला लग्नानंतर येईनासा झाला. दर वेळी ते नवा माणूस शोधून आणायचे. जुन्यांपैकी शेवटी ते एकटेच उरले.

मग त्यांच्या डाव्या हाताची बोटं आखडायला लागली. तालमीत सूर चुकू लागले. बँडमधली पोरं आदरानं गप्प बसायची.

"हे गप्प काहून बसतात, मले समजते," एकदा ते मला म्हणाले. "कोनी तरी बोलाव न."

कोणी बोललं नाही. तेव्हा आपल्या जागी माणूस त्यांनी स्वतःच शोधला. केंद्रात नुकतीच रुजू झालेली, यवतमाळकडची एक इंजिनियर मुलगी. दर रविवारी ती शिकायला यायची. भिंतीपलीकडून त्यांचा आवाज यायचा, "लोकाईचं तुह्याकडं लक्ष नाही गेलं तरी चालते, बेटा. पन तू थांबली, तर त्याइले चुकल्यासारखं वाटलं पाहिजे." त्या घरात हसण्याचा आवाज मी तेव्हाच ऐकला.

कॉलनीच्या गणपतीत ती पहिल्यांदा स्टेजवर उभी राहिली. ते खाली, माझ्या शेजारच्या खुर्चीवर. तिनं सुरेख वाजवलं. कार्यक्रम संपल्यावर फोटो काढायला सगळे जमले, तेव्हा ती वरून म्हणाली, "काका, या ना."

"बँडचा फोटो आहे, बेटा. बँडवालेच उभे राहा," असं म्हणून ते निघाले.

घराच्या वाटेवर ते मध्येच थांबले. "चांगलं वाजवलं न तिनं?"

"हो, भाऊ."

"मंग मले असं काहून होऊन राहिलं?"

मी नुसता त्यांच्याबरोबर चालत राहिलो.

गिटार त्यांनी तिलाच देऊन टाकली. निवृत्त झाल्यावर ते नरखेडकडे, भावाच्या संत्र्याच्या बागेत राहायला गेले. आता ते नाहीत. त्यांची माझी शेवटची भेट त्या बागेतच झाली. मी एसटीनं गेलो होतो. ते बाजेवर बसलेले. त्या इंजिनियर मुलीनं पाठवलेला बँडच्या एका कार्यक्रमाचा व्हिडिओ त्यांनी मोबाइलवर लावला. त्या एवढ्याशा स्पीकरमधून गाणारा ऐकू आला, ड्रम आले, गिटार आली. बेस काही येईना.

"यातून तो येत नाही गा," ते म्हणाले. "पोरगी वाजवून राहिली, पन आपल्याले ऐकू येत नाही."

मोबाइल त्यांनी बाजेवर ठेवला आणि घशातल्या घशात ते तिचा बेस म्हणू लागले. गाणं हळूहळू भरत गेलं. माझ्या एसटीची वेळ झाली. मी उठलो, "येतो, भाऊ" म्हणालो. त्यांनी नुसता हात वर केला. गाणं अजून संपलं नव्हतं, त्यांना मध्येच थांबता येत नव्हतं.