संत्र्याच्या पेट्यांवरची गाडी

काल पांढुर्ण्याच्या बाजारात संत्र्याच्या पेटीची फळी कडकन मोडली आणि माझे दोन्ही हात आपोआप पुढे झाले.

बऱ्याच वर्षांपूर्वी सौंसरच्या आमच्या घराच्या अंगणात ह्यांनी जुनी अँबेसेडर दुरुस्तीला काढली होती. जॅक काढून ती अशाच लाकडी पेट्यांवर टेकवली आणि स्वतः खाली शिरले.

"निघा ना बाहेर," मी म्हणाले.

"ट्रकात पेटीवर दहा-दहा थर चढतात. शेवटचा नट कसून राहिलो," ते खालून म्हणाले.

तेवढ्यात फळी कडाडली. मी दोन्ही हातांनी बंपर धरला, जणू गाडी पेलणारच होते.

"सोड, बोटं चेपतील तुयी," ते ओरडले.

मी सोडला. ते सरपटत निघाले आणि गाडी धाडकन खाली बसली.

इतकी वर्षं मी त्यांच्या हट्टाचीच गोष्ट सांगत आले. काल पहिल्यांदा कळलं, छातीवर गाडी येत होती आणि ते माझी बोटं वाचवत होते.