ट्रिपताई आणि तिचे कंडक्टर

ट्रिपताईच्या गाडीत ‘महाबळेश्वर’ हा शब्द उच्चारायला बंदी होती. तुम्ही म्हणाल, हा काय जुलूम! पण आपली माणसं तुम्हाला ठाऊक आहेत ना? आयर्लंडातल्या मोहेरच्या कड्यांवर नेऊन उभं केलं तरी आपला माणूस पाचव्या मिनिटाला म्हणणार, “अगदी आपल्या आर्थर सीटसारखंच की हो!” डिंगलचा समुद्र पाहून गुहागर, कॉनेमाराचे डोंगर पाहून ताम्हिणी, ग्लेंडालॉकचं तळं पाहून वेण्णा लेक. असं कुणी बोललं की ताई गाडी बाजूला घ्यायची आणि त्या माणसाला अख्खं गाणं म्हणायला लावायची, कडव्यांसकट. “एवढे समुद्र ओलांडून आले तुम्ही, अन् बघता काय, तर महाबळेश्वर? बाप्पा! मंग तिथंच नाही का राहाचं?” एका निवृत्त प्राचार्यांना तिने रस्त्याच्या कडेला, मेंढ्यांच्या साक्षीने भूपाळी म्हणायला लावली. गृहस्थ इतके रंगले की पुढच्या थांब्यावर मुद्दाम महाबळेश्वर म्हणाले.

तिचं नाव वैशाली. नागपूरची. चेरीवूडच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर होती आणि डब्लिनजवळच्या नास गावात आमच्या मागच्याच गल्लीत राहायची. मे महिना आला की आमच्या भागात आई-बाबांचा सीझन सुरू होतो. भारतातून कुणाचे आई-वडील, कुणाचे सासू-सासरे येतात. पोरं सकाळी ऑफिसला पळतात आणि ही मंडळी खिडकीशी बसून समोरचं हिरवळीचं चौकोनी अंगण बघत राहतात. रात्री साडेनऊपर्यंत उजेड, दिवस संपता संपत नाही. ताईला हे बघवायचं नाही. शनिवार आला की ती भाड्याने नऊ सीटर व्हॅन आणायची आणि दारोदार जाऊन म्हाताऱ्यांना गोळा करायची. “काहून बसले घरात? पासपोर्टवर शिक्का काय सोफा बघायला मारून घेतला?”

आम्हा पोरांना मात्र त्या गाडीत जागा नव्हती. मी एकदा हौसेने बॅग घेऊन उभा राहिलो तर तिने दार लावून घेतलं. म्हणाली, “तू आला की आई गप्प बसते. सगळं तूच बोलतो. तू घरी बस अन् भांडी घास.” मला राग आला होता, पण बाई खरं बोलत होती. त्यामुळे गंमत अशी झाली की आम्ही इथे वर्षानुवर्षं टॅक्स भरतोय आणि आयर्लंड बघितलं ते आमच्या आई-बापांनी. मला अजून कुणी विचारलं की स्ली हेडला जाताना कुठे थांबायचं, तर मी मिरजेला आईला फोन लावतो.

यूट्यूबवर ‘टॉप टेन’ बघून आलेल्या काकांशी तिचं हमखास वाजायचं. काका फोन पुढे करून म्हणायचे, “आज यातल्या पाच जागा होतील ना?” ताई म्हणायची, “होतील नं. तुम्ही खिडकीतून हात हलवा, मी पळवते.” तिचा हिशोब एका दिवसाला एक जागा असा होता. तिथे पोचलं की आधी डब्यातले पोहे आणि फ्लास्कमधली लालभडक तर्री. व्हॅन भाड्याने देणारा आयरिश बाबा परत आलेली गाडी हुंगायचा, मान हलवायचा आणि “ग्रँड” म्हणायचा. पुढे पुढे तो स्वतःच वाटीभर तर्री मागून घ्यायला लागला. पोहे झाले की फोन खिशात, आणि अर्धा तास नुसतं बसायचं. पाऊस आला तरी बसायचं. “इथं पाऊस थांबाची वाट बघाल तर परत जायची तारीख येईल, काकू. कॅप घाला अन् बघा.”

पण तिची खरी खोड म्हणजे कंडक्टर. दर ट्रिपला ती गाडीतलं सगळ्यात गप्प माणूस हेरायची आणि त्याला कंडक्टर करायची. माणसं मोजायची, दार ओढायचं आणि एसटीतल्यासारखं “जाऊ द्याऽ” म्हणून ओरडायचं. कंडक्टर ओरडला नाही तर ताई किल्लीला हात लावत नसे. मागे कुणी बोलकं माणूस ओरडायला गेलं तर त्याला दटावायची. “तुम्ही पॅसेंजर आहा. गुमान बसा.”

माझे बाबा गेल्यानंतर मी आईला इकडे आणलं तेव्हा ती अशीच गप्प होती. चाळीस वर्षं बँक, बिलं, रिझर्व्हेशन, सगळं बाबांनी केलं. आई रस्ता ओलांडायची तीसुद्धा त्यांच्या बाहीला धरून. ती परत गेल्यावर मिरजेच्या घरात एकटी राहू शकेल का, हा आमच्यापुढचा प्रश्न होता. मी तो परस्पर सोडवूनही टाकला होता. मिरजेचा फ्लॅट बंद करायचा आणि तिने पुण्याला मामाकडे राहायचं. मी सांगितलं तेव्हा ती “बरं” म्हणाली आणि ताट घेऊन उठली. तिला ते घर किती हवं होतं हे तिच्या पाठमोऱ्या चालण्यातही दिसत होतं. पण मला काळजी होती, आणि काळजी करणाऱ्या मुलाला कोण समजावणार?

ताईने समजावलं नाही. तिने पहिल्याच शनिवारी आईला कंडक्टर केलं. आई म्हणाली, “मला नाही जमायचं, वैशाली. मला माणसं मोजतानासुद्धा विसरायला होतं.” ताई म्हणाली, “मंग पुन्हा मोजा.”

मोहेरला जे घडलं ते आईने मला इतक्यांदा सांगितलंय की मी तिथे होतो असंच मला वाटतं. निघायची वेळ झाली, आईने माणसं मोजली आणि एक कमी. पुण्याचे कानटोपीवाले देशपांडे काका बेपत्ता. सगळे ताईकडे बघायला लागले. ताईने आपली सीट मागे केली आणि डोळे मिटले. “कंडक्टर काकू आहेत. त्या आणतील.” आई सांगते, “मला अस्सा राग आला तिचा! म्हटलं, ही बाई आहे का कोण? मला धड यस-नो येत नाही आणि ही झोपतीय!” पण ती रागारागात उतरली. ज्या बाईने चाळीस वर्षं कुणाची बाही सोडली नव्हती, ती त्या वाऱ्यात पदर खोचून एकटी बसच्या तळावर गेली आणि एकेका बसचं दार ठोठावू लागली. डोक्याभोवती हात फिरवून टोपी दाखवायची आणि म्हणायची, “वन मॅन. धिस कॅप. माय मॅन.” चौथ्या-पाचव्या बसचा ड्रायव्हर हसून म्हणाला, “युअर मॅन? ही इज डाऊन द बॅक, मिसेस.” ती गुजराती मंडळींची टूर होती. थेपल्यांच्या वासावर काका आत शिरले होते आणि दोन थेपले, छुंदा आणि वर चहा घेऊन गाढ झोपले होते! आईने त्यांना कानटोपीसकट उठवलं आणि भर बसमध्ये झापलं. “लाज नाही वाटत? आमचे पोहे काय वाईट होते?” काका मुकाट्याने तिच्या मागे चालत आले. आईने दार ओढलं आणि अशी ओरडली म्हणे, की शेजारच्या गाडीतलं कुत्रं भुंकायला लागलं.

त्या रात्री जेवताना आई म्हणाली, “मामाला कळव, मी काही येत नाही. मिरजेचं घर उघडं राहील. माझ्या नावावर आहे ते.” मी तोंड उघडलं. ती म्हणाली, “आमटी घे.” विषय संपला.

ट्रिपताई आता नागपूरला परत गेलीय. वडिलांना दिसेनासं झालं आणि तिने इथली नोकरी सोडली. आमचे शनिवार ओस पडले. तिच्यासारखी गाडी दोन-तीन जणांनी काढून बघितली, पण ते यादी घेऊन निघतात आणि वेळेवर परत येतात. तिची आठवण मला सगळ्यात जास्त डब्लिन विमानतळावर येते.

आई परत निघाली तेव्हा ताईच आम्हाला सोडायला आली होती. आपण सगळेच करतो तसं मी आईसाठी व्हीलचेअर सांगून ठेवली होती. पाय धडधाकट असले तरी दुबईत विमान बदलताना चुकू नये म्हणून. खुर्ची समोर आली. आई म्हणाली, “ही कुणाला?”

“तुला. ते लोक थेट दारापर्यंत नेऊन सोडतात.”

“का? माझे पाय मोडलेत?”

मागे एक तेलुगू आजी उभ्या होत्या. खरंच लंगडत होत्या आणि रडवेल्या झाल्या होत्या. त्याच विमानाला. आईने खुर्चीवाल्या मुलाला त्यांच्याकडे बोट दाखवलं. “हर. नॉट मी. आय वॉक.” त्याने फोनवर कुणाला तरी विचारून मान डोलावली. आजी बसल्या. आईने त्यांची पिशवी आपल्या खांद्याला लावली आणि खुर्चीच्या पुढे चालायला लागली. एकमेकींची भाषा येत नव्हती, पण आई त्यांना काहीतरी सांगतच होती. मी “आई, अगं” म्हणत धावणार, तेवढ्यात ताईने माझा दंड धरला.

“मधात पडू नको.”

सिक्युरिटीच्या वळणावर मी हात वर करून उभा होतो. आईने मागे वळून बघितलंच नाही. तिला वेळ नव्हता, ती आजींना बोर्डिंग पास काढायला सांगत होती. मला रडू फुटलं. वाईट वाटून नाही. ही माझी आई, हे ओरडून सगळ्या विमानतळाला सांगावंसं वाटत होतं. ताईचेही डोळे वाहत होते, पण आवाज नेहमीचाच.

“डोळे पूस अन् नीट बघ,” ती म्हणाली. “अख्ख्या आयर्लंडात याच्याहून बघण्यासारखं काही नाही.”