रविवारची पहिली लाटी

मॅट्रिकला इंग्रजीत पास झालेली मी, रोह्यात आमच्या आळीत तेव्हा त्याचं केवढं कौतुक! म्हणून गेल्या उन्हाळ्यात इस्राएलहून मैत्रिणीच्या नातीचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा मी मुळीच डगमगले नाही. पोरीला मराठी येत नसेना का, आपण काय कमी आहोत?

मैत्रीण रोह्याची, माझी सख्खी शेजारीण. ते बेने इस्राएली, म्हणजे आपले कोकणातले ज्यू, शनिवारी कामाला हात लावायचे नाहीत. मग तिच्यासाठी आमची अख्खी आळी पोह्याचे पापड रविवारी लाटायची. पिठाची पहिली लाटी तेलात बुडवून मी तिच्या तळहातावर ठेवायची. ती खाल्ल्याशिवाय बाईसाहेब लाटण्याला हात लावत नसत. पुढे मी लग्न होऊन पेणला आले, ती सहकुटुंब तिकडे गेली. फोन व्हायचे, मग तेही थांबले.

नात म्हणाली, "ग्रँडमा डझ नॉट रिमेंबर यू."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हिला माझी आठवणसुद्धा येत नाही? "मग फोन कशाला केलास गो?" मी चक्क मराठीतच फटकारलं. शब्द नाही, पण चेहरा पोरीला कळला असावा. घाईघाईने म्हणाली, "बट शी मिसेस यू."

आता हे काय नवीन! रिमेंबर म्हणजे आठवण, मिस म्हणजेही आठवण. एक येत नाही आणि दुसरी येते?

पोर सावकाश, सोपं सोपं बोलत सांगायला लागली. आजी आता लेकीलाही ओळखत नाही. पण दर रविवारी सकाळी उठून हात धुते, बाह्या वर सारते आणि टेबलाशी दाराकडे बघत बसते. मधूनच काहीतरी विचारते. नातीने ते ऐकून ऐकून पाठ केलं होतं, अर्थ ठाऊक नसताना. तोंड वेडंवाकडं करत तिने म्हणून दाखवलं, "आली नाय अजून?" तिच्या आईनेच ओळखलं की ही वाट कोणाची, आणि माझा नंबर शोधून दिला.

नाव गेलं, चेहरा गेला, गाव गेलं, आणि रविवार तेवढा राहिला! कुठे राहिला असेल गं तो? परीक्षेत दोन्ही शब्दांपुढे मी 'आठवण' लिहून मोकळी झाले असते, आणि मास्तरांनी मार्कही दिले असते. दोन्हींच्या मध्ये एवढी जागा असते, आणि त्या जागेत मी बसलेय, हे मला कुठे ठाऊक होतं.

त्या दिवशीही रविवारच होता. पापडाचं पीठ समोर मळून ठेवलेलं. मी नातीला म्हटलं, "ब्रिंग हर."

ती आली. केवढीशी झालेली, केस पांढरेफेक. मला निरखून म्हणाली, "तू कोण गो?"

नाव सांगावंसं फार वाटलं, पण नाही सांगितलं. लाटी तोडली, तेलात बुडवली आणि फोनसमोर धरली. "पहिली हाय. घे."

तिने तळहात पसरून पुढे केला.

"व्हय, पण किती उशीर केलास गो," ती म्हणाली.