न टाकताच वाजलेली गोळी

लोणावळ्यात चिक्कीची दुकानं किती, हे मोजायला गेलेला माणूस अजून परतलेला नाही. त्यातलं एक आमचं. आणि आमच्या दुकानाचं सगळ्यात महागडं यंत्र म्हणजे अब्बांचा उजवा कान.

अब्बा पंचाहत्तरीचे. दात कवळीचे, डोळ्यांवर जाड काच, त्यामुळे गुळाचा पाक ते कानानं ओळखतात. उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात सोडायचा, त्याची गोळी झाली की ती पितळेच्या ताटलीत टाकायची. ‘थप्’ वाजली तर पाक कच्चा. ‘टण्ण’ वाजली तर कढई उतरवायची आणि दाणे ओतायचे. थर्मामीटर आमच्याकडे फक्त तापाला. गोळी टाकायच्या आधी अब्बा डावा हात वर करतात. हात वर झाला की पंखा बंद, बर्नर बारीक आणि पॅकिंगच्या मावशी गप्प. यातलं तिसरं सर्वांत अवघड. त्या क्षणी घाटातली मालगाडीसुद्धा दम धरते असं मी गिऱ्हाइकांना सांगतो. निम्मी गिऱ्हाइकं विश्वास ठेवतात.

दुकानात चार कॅमेरे आहेत, माकडांमुळे. पाकीट माकडानं उचललं की माणसानं, यावर रोज भांडणं व्हायची. कॅमेरे आल्यावर कळलं की माकडं बरीच सभ्य आहेत. या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ज्या डब्यात साठतं, तो डबा मी दुकान आणि भट्टी यांच्या मधल्या पत्र्याच्या पार्टिशनवर, भट्टीच्या बाजूनं, चार स्क्रूंनी आवळून बसवला होता. एक दिवस त्यातली हार्ड डिस्क गेली. कॅमेऱ्यांना सगळं दिसायचं, पण लक्षात काही राहायचं नाही. शाळेत माझं असंच व्हायचं.

कॅमेरेवाला फोनवर म्हणाला, “दादा, कॅमेऱ्याची डिस्क वेगळी येते. तीच टाका.”

मला कोणी ‘तीच टाका’ म्हटलं की माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. एरवी तो झोपलेला असतो, आणि तेच बरं असतं. माळ्यावर एक जुना कॉम्प्युटर पडला होता. त्याची डिस्क काढली आणि डब्यात बसवली. हिरवा दिवा लागला! चंद्रावर यान उतरवल्यासारखा मी दिवसभर मिरवलो.

दुसऱ्या दिवसापासून चिक्की नरम निघू लागली.

नरम म्हणजे किती? ठाण्याच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला, “तुमच्या चिक्कीनं आमच्या सासूबाईंचे दोन्ही जबडे धरून ठेवलेत.” मी माफी मागायला तोंड उघडलं, तर पलीकडून हळूच आवाज आला, “आणखी दोन किलो पाठवता का?” पण सगळेच असे समजूतदार नसतात. बाकीच्यांनी पाकिटं परत आणून काउंटरवर ठेवली. ती काउंटरलाही चिकटली.

अब्बा चक्रावले. “टण्ण वाजली व्हती. ह्या कानानं ऐकली.”

आम्हीही ऐकली होती. मावशी कार्ल्याकडच्या, शेतकरी घरातल्या. वीस वर्षं आमच्याकडे पॅकिंग करतात आणि वीस वर्षांत त्यांनी अब्बांची एकदाही खुशामत केलेली नाही. त्याही म्हणाल्या, “वाजली व्हती की, भाऊ! पर घाण्यामागं घाणा रबर निगतोय. ह्याच्या चपला तरी शिवू.”

चौथ्या दिवशी अब्बांनी आपला लांब दांड्याचा कलथा धुतला, पुसला आणि माझ्या हातात दिला.

“कान गेला माझा. उद्यापासनं तू.”

एवढंच बोलून ते काउंटरमागच्या खुर्चीत जाऊन बसले, कोणीतरी ठेवून विसरलेल्या पार्सलासारखे. चहाला नाही म्हणाले. अब्बांनी चहाला नाही म्हटल्याचं आमच्या घरात कोणाला आठवत नव्हतं. पन्नास वर्षं भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस खुर्चीत बसला की किती लहान दिसतो, ते मला तेव्हा कळलं. आणि खरं सांगतो, भीतीही वाटली. माझ्या हातची चिक्की एकदाच झाली होती, ती अजून मागच्या दाराला टेकण म्हणून आहे.

सकाळी अब्बा मला शिकवायला उभे राहिले. मी पाक ढवळला. वाटीत थेंब सोडला, गोळी वळली, चिमटीत धरली. अब्बांनी हात वर केला. पंखा बंद, मावशी गप्प.

टण्ण!

“उतरव कढई,” अब्बा म्हणाले.

“अब्बा,” मी म्हणालो, “गोळी अजून माझ्या हातात आहे.”

तिघंही माझ्या चिमटीकडे बघत राहिलो.

“अगं बया!” मावशी दोन पावलं मागे सरल्या. “न टाकताच वाजली! भाऊ, लिंबू उतरवा पहिलं!”

“गप ग,” अब्बा म्हणाले, आणि डॉक्टर छाती तपासतात तसा पत्र्याला कान लावून इंच इंच सरकू लागले. पुन्हा टण्ण. ते माझ्या डब्यापाशी थांबले. डब्यातली जुनी डिस्क मधूनच दात खाल्ल्यासारखी खटका मारत होती, आणि तिचा खटका अख्खा पत्रा ढोलासारखा वाजवत होता. एरवी पंख्याच्या आवाजात तो बुडायचा. ऐकू यायचा तो फक्त आम्ही सगळे गप्प झालो की, आणि गोळीची ‘थप्’ त्याखाली दबून जायची.

अब्बांनी मान वळवली. “ह्ये काय बसवलंयस?”

मला अचानक तळेगावातलं एक तातडीचं काम आठवलं. पण दारात मावशी खोक्यांसकट उभ्या होत्या.

“म्हंजे माझा कान गेला न्हाई!” अब्बा ओरडले.

“न्हाई गेला, भाऊ. पोरगा गेलाय तुमचा कामातनं.”

तळेगावला जावं लागलंच, पण अब्बांना घेऊन. कॅमेऱ्याची योग्य डिस्क ते स्वतः पारखणार होते. त्यांनी माठ घेताना वाजवतात तशी टिचकी मारायला बोट उचललं, तेव्हा दुकानदार काउंटरवरून अर्धा बाहेर आला.

“चाचा, चालू केल्याशिवाय आवाज येत नाही!”

“मग कर चालू.”

तीन डिस्क चालू झाल्या. दोन नापास. तिसरीला अब्बांनी इतका वेळ कान लावला की मागच्या गिऱ्हाइकाला वाटलं, फोन चाललाय.

दुकानात परत येऊन ती त्याच पत्र्यावर बसवली, तर खटका नव्हता, पण घूंऽऽ सुरू. मी दुकानदाराला शिव्या द्यायला फोन काढला. अब्बांनी हात धरला. “डिस्क गुणाची हाय. पत्रा वाजतोय. काढ तितनं.” डबा पत्र्यावरून उतरवून पुढे आमच्या दुकानातल्या कपाटात नेला, आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून त्यात डिस्क अधांतरी टांगली, कुठं टेकायला नको म्हणून.

मावशींनी वाकून पाहिलं. “पाळणा झाला. बारसं कवा?”

मग कढई चढली. कलथा अजून माझ्याच हातात होता. अब्बांनी हात वर केला. इतकी शांतता झाली की गुळातला ऊस आठवला. त्यांनी स्वतः गोळी टाकली.

थप्.

मावशींनी डोळे मिटले. पण अब्बांचा चेहरा असा उजळला की पुढे काउंटरपाशी उभी गिऱ्हाइकं आत डोकावली. पाच दिवसांत पहिल्यांदा त्यांना कच्चा पाक कच्चा ऐकू आला होता.

“कच्चा हाय!” ते पेढे वाटल्यासारखं म्हणाले. “लय कच्चा हाय! अजून दोन मिंटं.”

आणि माझ्या हातातला कलथा ओढून घेतला.

“सरक तिकडं. करपवशील. आन् मावशी, चहा सांगा.”