गेरूनं लिहिलेलं नाव

सुट्टीच्या दिवशी माणसांना दमवण्यात आमच्या धाकट्या दिरांचा हात धरणारा माणूस अख्ख्या खानदेशात सापडायचा नाही. ते मला वहिनी म्हणतात, मी त्यांना नाना म्हणते. जन्मभर चोपड्याकडच्या एस.टी.वर कंडक्टरकी केली, ती अजून अंगातून उतरलेली नाही. पंधरा ऑगस्टला आम्ही जळगावहून मुलं-सुना-नातवंडं घेऊन गावी पोचलो, की हे पारावर उभे राहून ओरडणार, "पुढे सरका, मधला रस्ता मोकळा ठेवा!" अहो, रस्त्यात एक शेळी तेवढी बसलेली असते. मग झेंडा होतो, पोरांना जिलबी मिळते आणि गाव आपापल्या घरी जातं. आम्ही नाही जात. आम्हाला शाळेसमोरच्या स्तंभापाशी ओळीनं उभं राहावं लागतं.

त्या स्तंभावर बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेलेल्या गावच्या सहा माणसांची नावं आहेत. सातवं आमच्या सासऱ्यांचं, ते राहून गेलं, असं नानांचं म्हणणं. दरसाल ते गेरू कालवतात, जिभेचं टोक बाहेर काढून खालच्या रिकाम्या जागेत ते नाव लिहितात, आम्ही टाळ्या वाजवतो आणि दुपारच्या आत पाऊस ते धुऊन नेतो. एका वर्षी पाऊस रुसला तर नाव थेट पोळ्यापर्यंत टिकलं. सगळा तालुका हवालदिल होऊन आभाळाकडे बघतोय आणि आमचे नाना खुशीत! तालुक्यापासून मुंबईपर्यंत अर्ज करून झाले. सगळीकडून एकच उत्तर, पुरावा जोडा. मग नाना पुरावा गोळा करायला निघाले. शिरपूरच्या एका नव्वदीच्या म्हाताऱ्याकडून चार पानं लिहून आणली. त्यात नाव सासऱ्यांचं आणि बाकी सगळी हकीकत त्या म्हाताऱ्याची स्वतःची! "मना बाप कधी झेंड्याले सुद्धा गया नही," नाना डोळे पुसत सांगायचे, "इतला मोठा मनना माणूस. त्याले मानच नको व्हता."

यंदा ग्रामपंचायतीनं स्तंभाला काळा, गुळगुळीत दगड बसवला. सहाच नावं, सुरेख कोरलेली. नानांनी कुंचला टेकवला, गेरू ओघळला. पुन्हा टेकवला, पुन्हा ओघळला. माझी धाकटी नात फिस्सकन हसली, तिच्यामागून सगळेच हसले. मीही हसले, कशाला लपवू? नाना मात्र हसले नाहीत. "चिकटसच नही," एवढंच म्हणाले आणि पायरीवर बसले. मुलं 'पुढच्या वर्षी बघू, काका' म्हणत गाडीकडे गेली. मी राहिले.

नानांनी खिशातून कोरा कागद काढून माझ्या मांडीवर ठेवला. "वहिनी, माय तुले चुल्हापाशी बठ्ठं सांगे. मना बाप जेलमा व्हता, इतलं लिखी दे. तू खोटं लिखस नही, हाई बठ्ठा गावले माहीत शे."

सासूबाई मला सगळं सांगत, हीच तर पंचाईत. सासरे त्या दिवसांत शिरपूरला जिनिंगमध्ये हमाली करत होते. तुरुंगातून सुटलेले सहा जण ज्या मोटारीनं गावी आले, तिच्यातच सासरेही बसलेले. गर्दीत कुणीतरी त्यांच्याही गळ्यात हार घातला. मी तुरुंगात नव्हतो, हे तेव्हा त्यांना बोलता आलं नाही आणि मग पुढे कधीच आलं नाही. स्तंभासाठी नावं विचारायला माणसं आली, तर हे दिवसभर शेतात लपून बसले. झेंड्याला जात नव्हते ते शरमेनं. चाळीस वर्षं मी हे पोटात ठेवलंय, आणि त्या टाळ्या वाजवताना दरसाल हात जड होतात माझे. पण बापाच्या नावावर जगणाऱ्या माणसाला हे सांगणार कोण?

शाळेत मी गेले नाही. मुलांच्या पाट्यांवर गिरवून शिकले, म्हणून अक्षराला वेळ लागतो. त्या दिवशी फारच लागला. 'सुटून आलेल्या लोकांबरोबर सासरे गावात आले आणि त्यांच्याही गळ्यात हार पडला,' एवढंच लिहिलं. यात एक शब्द खोटा नाही.

नानांनी वाचलं. मग बोट फिरवत पुन्हा वाचलं. "अन् जेलनं?"

"मले इतलंच लिखता येस, नाना."

त्यांनी कागदावरची नजर माझ्याकडे वळवली. काय कळलं, किती कळलं, देव जाणे. पण बहात्तर वर्षांचा तो माणूस माझ्या डोळ्यांदेखत लहान होत गेला. खाली सही कर म्हणाले नाहीत. कागदाची घडी घालत हळूच विचारलं, "हार कसाना व्हता वं?"

"झेंडूना," मी म्हटलं. "गुडघापावत."

हे मात्र सासूबाईंनी मला कधी सांगितलं नव्हतं.