दुसऱ्या बाजूचा ब्रेक

लायसन्स पर्समध्ये होतं आणि मला गाडी चालवता येत नव्हती. हे मला पालघरला, रेल्वेवरच्या पुलाच्या चढावर कळलं. मागे टँकर उभा होता.

यजमानांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. आमच्या पाम गावाहून पालघरला जायचं, चार तास मशीनवर पडून राहायचं आणि परत यायचं. परतताना त्यांचा रक्तदाब इतका उतरतो की शेअर रिक्षात कुणी अंगाला टेकलं तरी त्यांना मळमळतं. आधी ते स्वतःच गाडी चालवायचे. एकदा येताना डोळ्यांपुढे अंधारी आली, गाडी दुभाजकाला घासली आणि डॉक्टरांनी चालवणं बंद केलं. मग शेजारी नेत-आणत, त्यांची बदली झाली. मुलगी लांब नोकरीला, नातेवाईक सगळे साताऱ्याकडे. उरले मी. म्हणून बोईसरच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं.

तिथले सर इथलेच, हसतमुख. "तुमी फक्त स्टेअरिंग बघा काकी. बाकी मी हाय."

शिकवायच्या गाडीत सरांच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतात. ते वेळप्रसंगासाठी, अशी माझी समजूत. एमआयडीसीच्या रस्त्यावर गाडी कधी बंद पडली नाही, तेव्हा मला वाटलं मी बऱ्यापैकी शिकले. टेस्टलाही तीच गाडी आणि शेजारी तेच सर. पास झाले.

आणि पहिल्याच फेरीला पुलावर रांग थांबली. रांग हलल्यावर मी ब्रेकवरचा पाय काढला, तशी गाडी मागे जायला लागली.

"ओ आंटी, आगे जाना है, पीछे नहीं!" टँकरवाला ओरडला.

"क्लच अर्धा सोड," यजमान म्हणाले. "अगं, अर्धा!"

अर्धा म्हणजे किती, ते माझ्या पायाला माहीतच नव्हतं. इंजिन बंद पडलं. ब्रेकऐवजी मी क्लचच दाबून धरला. आरशात टँकरचा बंपर मोठा होत गेला. तेवढ्यात यजमानांनी उजव्या हाताने हँडब्रेक खेचला.

उजव्या हाताने. मशीनच्या सुयांसाठी त्या हातातल्या शिरा ऑपरेशन करून जोडल्या आहेत. डाव्या हातातली जोडणी आधीच निकामी झाली. उजव्याने भाजीची भरलेली पिशवीसुद्धा उचलायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय.

ते मनगटावर बोटं ठेवून बसले. जोडणी चालू असली की तिथे बारीक थरथर लागते. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मागे हॉर्नवर हॉर्न.

"थरथर लागतेय," ते म्हणाले.

टँकरवाल्यानेच उतरून आमची गाडी पुलापार काढून दिली. जाताना त्याने विचारलं, "लायसन्स किसने दिया, आंटी?" चिडून नाही, खरंच विचारलं.  परतताना डायलिसिस सेंटरमधल्या वॉर्डबॉयला विनवून गाडी घरापर्यंत आणली. तो रोज येणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी सरांना म्हटलं, आमच्या गाडीत बसा आणि चढ शिकवा.

"माज्या साईडला ब्रेक नाय त्यात. मी नाय बसनार."

"सर, माझे यजमान बसतात."

 मग त्यांनी स्कूलची गाडी काढली. त्याच पुलाच्या चढावर मी त्यांना त्यांच्या क्लच-ब्रेकवरून पाय वर घ्यायला सांगितलं.

"जेवायला बसवता काय, काकी?" असं म्हणत त्यांनी सीटवर मांडी घातली.

आणि जी गाडी माझ्या हातून कधी बंद पडली नव्हती, ती पडत राहिली.  उद्या पुन्हा डायलिसिस, आणि ते चुकवायचं नसतं; अंगात पाणी चढतं, श्वास लागतो. सातव्या खेपेला क्लच सोडता सोडता गाडीचं नाक किंचित उचललं गेलं. पायाखाली बारीक थरथर लागली. हँडब्रेक खाली केला. गाडी मागे गेली नाही.

"जमला!" सर पाय खाली सोडत म्हणाले. "चला घरी."

"सातात एकदा," मी म्हटलं. "पाय वर घ्या."

आणि पुलापलीकडून गाडी वळवून पुन्हा चढाला आणली.